झेड-१० वर सर्व्हेचं काम: बॅग हलकी करायच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०१३, शनिवार

फोन घेतला. ब्लॅकबेरी झेड-१०. फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा ४३,४९० होता, तेव्हा दुकानात नुसता हातात घेऊन परत ठेवून आलो होतो. आता ऑफरमध्ये २९,९९० ला मिळतोय म्हणल्यावर राहवलं नाही. आई म्हणाली पितृपंधरवड्यात कोण नवी वस्तू घेतं, दसरा दोन आठवड्यांवर आलाय, थांब की. थांबलो नाही, म्हणलं ऑफर जाईल.

नोंदी का ठेवतोय ते सांगतो. मी गाड्यांच्या इन्शुरन्सचा सर्व्हेअर, म्हणजे ठोकलेल्या गाडीचं नुकसान मोजून कंपनीला रिपोर्ट देणारा. कराड, पाटण, सातारा, कधी घाट उतरून चिपळूण. वीस हजार आणि त्यावरच्या क्लेमला लायसन्सवाला सर्व्हेअर लागतो, त्यामुळे काम बरं असतं पण सगळं रस्त्यावर आणि गॅरेजात. आज बॅगेत काय काय आहे बघा: जुना फोन ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२०, डिजिटल कॅमेरा, त्याचे जादा सेल, कॅल्क्युलेटर, डायरी, टेप, खडू, पेन्सिल, टॉर्च, क्लेम फॉर्मची फाइल, आणि लांब जायचं असलं की लॅपटॉप. उजवा खांदा कायम धरलेला. ठरवलंय की ह्या एका फोनवर जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं आणि बॅग रिकामी करायची. आमच्या लायनीतले दोघं म्हणाले तू करून बघ मग आम्ही बघतो, म्हणून जे घडेल ते इथं लिहून ठेवतो, फजिती सकट.

आजचा खर्च फोन सोडून ५० रुपये. ह्याला मायक्रो सिम लागतं, आपलं मोठं सिम दुकानात कटरनं कापून घेतलं. कापताना पोटात गोळा आला होता, अकरा वर्षांचा नंबर आहे.

३० सप्टेंबर

दोन दिवस नंबरांत गेले. मी हुशारी केली, कर्व्हमधले नंबर सिमवर कॉपी केले आणि तिथून नव्या फोनात घेतले. सिमवर मावतात जेमतेम अडीचशे, माझ्याकडे सहाशेच्या वर. वर सिमवर नावं लांब राहत नाहीत, शेपूट तुटतं. 'गॅरेज पाटण रोड शिंदे' आणि 'गॅरेज पाटण रोड जाधव' दोघं आता 'गॅरेज पाटण रो' झालेत. काल एकाला फोन लावला आणि दुसऱ्याच्या गाडीचं एस्टिमेट मागितलं, त्यानं पण दिलं, कारण त्याच्याकडं पण पांढरी जीपच उभी होती.

सरळ रस्ता असा: लॅपटॉपवर ब्लॅकबेरी लिंक टाका, जुना फोन लावा, मग नवा लावा, ते स्वतः सगळं नेतं. पाऊण तास लागला. हे आधी केलं असतं तर रविवार वाचला असता. सिमचा नाद करू नका.

३ ऑक्टोबर

ह्या फोनला समोर एकही बटण नाही. उठवायचा तरी खालच्या कडेवरून अंगठा वर ओढायचा, चालू काम बाजूला करायचं तरी तेच, आणि वर ओढून तसाच उजवीकडं वळवला की सगळे मेल मेसेज एका जागी, त्याला हब म्हणतात. दुकानात पोरानं दाखवलं तेव्हा लोण्यासारखं चाललं होतं. माझ्या हातात पाचातनं दोनदाच चालायचं. कालपर्यंत वाटत होतं की माझा अंगठाच खरखरीत झालाय, वीस वर्षं बॉनेट उचलून. हिनं क्रीम पण दिलं लावायला.

अंगठा ठीक आहे. भानगड कव्हरची. पडू नये म्हणून ३५० चं जाड रबरी कव्हर घेतलं होतं, त्याची कड काचेच्या वर दोनएक मिलिमीटर उभी. आणि ह्या फोनला ओढणं सुरू करावं लागतं काचेच्या बाहेरून, खालच्या काळ्या पट्टीवरून. अंगठा कडेवर अडायचा आणि पट्टी सोडून थेट काचेवरच टेकायचा, मग फोनला वाटायचं हा नुसता यादी सरकवतोय.

ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजात बसून ब्लेडनं खालची कड कापली, वर बारीक पॉलिशपेपर मारला. वरची कड पण थोडी, कारण सेटिंग वरून खाली ओढून येतं. मिस्त्री बघत होते, म्हणाले, "साहेब, तीस हजाराचा फोन आन् साडेतीनशेच्या कव्हराला डेंटिंग पेंटिंग?" पण त्यानंतर दहातनं दहा वेळा चालतोय. नवीन कुणी घेणार असेल तर खालून उघडं असलेलं कव्हर बघून घ्या.

दोनशेचा स्क्रीनगार्ड पण लावला. धुळीचे चार फुगे राहिलेत, त्यातला एक बरोबर 'ए' वर.

१० ऑक्टोबर

टायपिंग. कर्व्हवर मी न बघता टाइप करायचो, एस्टीत उभं राहून पण. काचेवर बोटाला काही लागतच नाही, अक्षर कुठं संपलं नि कुठं सुरू झालं काय कळत नाही. पहिला आठवडा रडकुंडीला आलो.

मग एक सवय लागली ती सांगण्यासारखी आहे. आपण दोन तीन अक्षरं मारली की कीबोर्ड पुढचा शब्द ओळखून तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बारीक लिहून दाखवतो, तिथून अंगठ्यानं वर उडवायचा, गोटी टिचकावतो तसा. शब्द वर जाऊन बसतो. आमच्या रिपोर्टात तेच तेच शब्द असतात, बंपर, फेंडर, हेडलॅम्प, रेडिएटर, चारपाच रिपोर्ट टाइप केल्यावर त्याला ते पाठ झाले. आता 'रेडि' आणि टिचकी. कीबोर्डवर उजवीकडून डावीकडं अंगठा ओढला की अख्खा शब्द पुसला जातो, हे मला कळायला नऊ दिवस लागले, तोवर एकेक अक्षर पुसत होतो.

शिवाय शब्दांची अदलाबदल सेटिंगमध्ये भरून ठेवली. 'डीटीआर' मारलं की 'डेन्टेड, टु बी रिपेअर्ड' पूर्ण येतं. अशी सतरा भरली. डायरी आज बॅगेतून बाहेर.

पण चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर, ह्या असल्या कीबोर्डवर टाइप करू नका. सतरा अक्षरं आकडे, त्यात फोन मध्येच शहाणपणानं सुधारणा करतो. परवा एका गाडीच्या चेसिसमध्ये 'ओ' गेला. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्या सतरा अक्षरी नंबरात वापरतच नाहीत, शून्याशी नि एकाशी घोटाळा होऊ नये म्हणून, हे मला चांगलं माहीत असून मी तो 'ओ' बघितला नाही. दुसऱ्या दिवशी परत गॅरेजला, पन्नास किलोमीटर जाऊन येऊन. आता पद्धत अशी: पाटीचा जवळून फोटो, आणि कागद धरून पेन्सिल घासून ठसा, पूर्वीसारखाच. टाइप घरी बसून, ठसा समोर ठेवून. म्हणजे पेन्सिल बॅगेतच राहणार.

१७ ऑक्टोबर

हबमध्ये ऑफिसचा मेल, घरचा मेल, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप सगळं एकाखाली एक येतं. लाल दिवा लुकलुकला की वर ओढायचं, उजवीकडं वळवायचं, कोण आहे ते डोकावून बघायचं आणि अंगठा न उचलता परत. गाडीच्या खाली वाकलेलं असताना एका हातानं होतं. मला फोनमधलं सर्वात आवडलेलं हेच.

आणि सर्वात महाग पडलेलं पण हेच. नवीन मेल लिहायला घेतला की तो कुठल्या पत्त्यावरून जाणार हे वर बारीक लिहिलेलं असतं. मी घरचा मेल पहिला जोडला होता, त्यामुळे डिफॉल्ट तोच. अकरा तारखेला एक फायनल रिपोर्ट पाठवला आणि निवांत बसलो. तो गेला माझ्या घरच्या पत्त्यावरून, जो मी सोसायटीच्या गणपतीसाठी काढलाय आणि ज्याचं नाव 'बाप्पा मंडळ' असं काहीतरी आहे. पलीकडं तो कुणी उघडलाच नाही. आज फोन आला, साहेब रिपोर्ट कधी देताय. नेमणुकीपासून तीस दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, त्यातले सहा दिवस बाप्पानं खाल्ले.

सेटिंगमध्ये जाऊन ऑफिसचा पत्ता डिफॉल्ट केला. दोन मिनिटांचं काम.

२२ ऑक्टोबर

बिल आलं. जादा १,१६७ रुपये, डेटाचे.

चूक पूर्ण माझी. कर्व्हला ब्लॅकबेरीचा वेगळा इंटरनेट प्लॅन लागायचा, ३९९ चा, तो मी इमानदारीत तसाच चालू ठेवला. पण ब्लॅकबेरी १० ह्या नव्या सिस्टिमला तो प्लॅन लागतच नाही, ती साधा डेटा वापरते, कुठल्याही फोनसारखा. साधा डेटा पॅक मी घेतलाच नव्हता. म्हणजे ३९९ भरून काही मिळत नव्हतं आणि खरा वापर मीटरवर चालू होता, दहा केबीला दहा पैसे. ऐकायला दहा पैसे. एक एमबी म्हणजे दहा रुपयांच्या वर आणि एकेक फोटो अडीच एमबीचा. गाडी ठोकणाऱ्याचं नुकसान मोजत हिंडतो आणि स्वतःचं दिसलं नाही.

जुना प्लॅन बंद, साधा थ्रीजी पॅक चालू.

फोटोंवरून आठवलं, मेलमधून एका वेळी पंचवीस एमबीच्या वर जात नाही, म्हणजे आठ नऊ फोटो. एका गाडीचे वीस बावीस असतात. रस्त्यावरून फक्त महत्त्वाचे सहा पाठवतो, चारही बाजू, नंबर प्लेट, मीटरचं रीडिंग. बाकीचे घरून.

२६ ऑक्टोबर

आज दिवसभर डोकं फिरलंय.

फोन घेतला त्याच रात्री सगळी सेटिंग फिरत होतो तेव्हा सिक्युरिटीत एन्क्रिप्शन दिसलं, म्हणजे आतली माहिती कुलूपबंद करणं, फोनचं वेगळं, मेमरी कार्डचं वेगळं. बिझनेसचा फोन, लोकांच्या आरसी बुकांचे फोटो, म्हणलं पाहिजेच. दोन्ही चालू केले आणि विसरलो.

फायनल रिपोर्टला फोटोंचे प्रिंट लावावे लागतात. कॅमेऱ्याचं कार्ड मी कायम स्टुडिओत द्यायचो, तसं ह्या फोनचं ३२ जीबीचं कार्ड (१,३००) काढून दिलं. पोरगा म्हणाला काका, फोटो आहेत पण एकही उघडत नाही, कार्ड खराब दिसतंय, फॉरमॅट मारू का? बरोबर त्या वेळी मी बाहेर चहाला गेलो नव्हतो म्हणून वाचलो. त्यात नऊ गाड्या होत्या.

कार्ड खराब नव्हतं. एन्क्रिप्ट केलेलं कार्ड फक्त त्याच फोनात वाचता येतं, बाहेर काढलं की नुसता कचरा. फोनात परत घातलं, सगळे फोटो व्यवस्थित. मग असं केलं: फोन केबलनं लॅपटॉपला लावला, पासवर्ड दिला, फोनच्या मार्फतच सगळे फोटो लॅपटॉपवर ओढले, चारशे सत्तर होते. प्रत्येक फोल्डरमधला एकेक उघडून खात्री केली, मग कार्डाचं एन्क्रिप्शन बंद, कार्ड फॉरमॅट, आणि तोवर स्टुडिओ बंद झाला होता. फोनचं एन्क्रिप्शन राहू दिलंय. घाबरून फोटो कार्डाऐवजी फोनच्याच मेमरीत जातील असं करून ठेवलंय, बघू.

५ नोव्हेंबर, भाऊबीज

बघू म्हणलं होतं ना. बघितलं.

बहीण आली, भाचा आठ वर्षांचा. मी जेवत होतो, फोन कोचावर. गेम खेळायला म्हणून भाच्यानं उचलला आणि पासवर्ड मारत बसला. ह्या फोनला दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला की तो सगळा पुसून कोरा होतो. मध्ये एकदा तो थांबवतो, 'ब्लॅकबेरी' हा शब्द टाइप करून दाखवा म्हणतो, म्हणजे खिशात आपोआप दाबलं जात नाहीये ना ते कळावं. आमच्या भाच्याचं स्पेलिंग पक्कं. मोठ्यानं एकेक अक्षर म्हणत टाइप केलं. ते ऐकून मी श्रीखंडाच्या हातानंच उठलो.

"मामा, अजून तीन चान्स आहेत," म्हणाला.

फोनच्या मेमरीत दोन स्पॉट सर्व्हे होते, म्हणजे गाडी हलवायच्या आधी अपघाताच्या जाग्यावरच काढलेले फोटो, दोन्ही ट्रक जाग्यावरून हलवून झालेले. परत फोटो कुठून आणणार होतो? त्याच संध्याकाळी फोटो परत कार्डावर जातील असं केलं, आता कार्डाला एन्क्रिप्शन नाही, आणि रोज रात्री लॅपटॉपवर कॉपी. काचेवरचं श्रीखंड ओल्या फडक्यानं गेलं, स्पीकरच्या जाळीतलं टूथब्रशनं काढावं लागलं.

२८ नोव्हेंबर

बॅटरी १८०० एमएएच. ऑफिसात बसणाऱ्याला पुरेल, मला दुपारी तीनला लाल दिसते. कारणं माझीच बरीचशी: उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस कायम फुल्ल, आणि पाटणच्या पुढं रेंज जाते येते तेव्हा फोन सारखा टॉवर शोधत बसतो. ब्राइटनेस अर्ध्यावर आणला, रेंज नसेल तिथं नेटवर्क बंद करतो. तास दीड तास वाढला.

मागचं झाकण निघतं आणि बॅटरी बदलता येते हे मोठं सुख. बाजारात ४५० ला डुप्लिकेट मिळाली, घेतली.

१९ डिसेंबर

कॅल्क्युलेटर बाहेर काढायचा प्रयत्न केला, त्याची ही कथा.

फोनात डॉक्युमेंट्स टु गो येतं, त्यात एक्सेलची शीट चालते. घसाऱ्याची शीट बनवली. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: गाडीचा पार्ट नवा टाकला तरी कंपनी पूर्ण पैसे देत नाही, घसारा कापते. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकला ५० टक्के, फायबरला ३०, काचेला शून्य, आणि लोखंडी पार्टला गाडीच्या वयावर, सहा महिन्यांपर्यंत काही नाही, मग ५, १०, १५ असं चढत तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५, चार ते पाच ३५. शीटमध्ये वय टाकलं, किंमती टाकल्या की खाली आकडा तयार. दोन रात्री बसून केली, फार खूश होतो.

सोमवारी साडेतीन वर्षांची एक गाडी. लोखंडी पार्ट एकूण १८,६०० चे. मालक शेजारीच उभे, वाकून काचेत बघत होते. २५ टक्क्यांनी ४,६५० कापले गेले पाहिजेत. शीटनं कापले ३७२. मी यादी वर सरकवताना बोट त्या खान्यावर टेकलं असणार, खाना उघडला, २५ मधला ५ पुसला गेला आणि २ राहिला. मला कळलं नाही. मालकांना आकडा सांगून मोकळा झालो, त्यांनी तिथंच बायकोला फोन करून सांगितला.

घरी ठसा, फोटो, बिल घेऊन बसलो तेव्हा ४,२७८ चा फरक सापडला. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून सांगणं म्हणजे, ते म्हणाले, "तुमच्या फोनची चूक आमच्या खिशातून का?" उत्तर नव्हतं माझ्याकडं. नियम नियम आहे पण आकडा मी तोंडानं दिला होता.

दोन बदल केले. टक्क्यांचे खाने वेगळ्या पानावर नेले, जिथं माझं बोट सहसा जात नाही. आणि जाग्यावर कुणालाही आकडा सांगायचा नाही, कितीही वाकून बघू दे. कॅल्क्युलेटर परत बॅगेत, पडताळणीला. त्याच्या बटणावर चुकून बोट टेकलं तरी दाबल्याशिवाय काही होत नाही.

११ जानेवारी २०१४

डुप्लिकेट बॅटरी फुगली. मागचं झाकण मध्यभागी वर आलं आणि बसेना, मला वाटलं झाकणाचं कुलूप तुटलं. बॅटरी टेबलावर ठेवली तर भोवऱ्यासारखी फिरते. ४५० पाण्यात. ओरिजिनल बॅटरी आणि ती बाहेर चार्ज करायची डबी मिळून १,९५० ला मागवली. आधीच ही घ्यायची होती.

८ फेब्रुवारी

फोनच्या सिस्टिमचं १०.२.१ अपडेट आलं. आता अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके फाइल थेट टाकता येते. पोरंसोरं करतात तसं मी पण रात्री दीडपर्यंत बसून टाकत होतो. जी अ‍ॅप गूगलच्या प्ले सर्व्हिसेसवर अवलंबून असतात ती उघडल्या उघडल्या मान टाकतात, बाकीची बरी चालतात. कागद स्कॅन करायचं एक साधं अ‍ॅप चाललं, आरसी, लायसन्स, क्लेम फॉर्म तिथल्या तिथं पीडीएफ. उन्हात करा, ट्यूबलाइटखाली स्वतःच्याच डोक्याची सावली पडते. फाइल बॅगेतून बाहेर. ही खरी कमाई, खांद्याला पहिल्यांदा फरक जाणवला.

शिवाय चित्राचा पासवर्ड आलाय, तो भाच्यासाठी उत्तम. आपण एक फोटो निवडायचा, एक आकडा निवडायचा आणि फोटोतली एक जागा. कुलूप उघडताना फोटोवर आकड्यांचा पसारा येतो, दर वेळी वेगळा, त्यातला आपला आकडा कुठं आहे ते बघून सगळा पसारा ओढत न्यायचा आणि तो आकडा आपल्या जागेवर टेकवायचा. बघणाऱ्याला कळत नाही आपण कुठला आकडा नेला. मी ह्या फोनवर काढलेल्या पहिल्या जीपचा फोटो ठेवलाय, डावा हेडलॅम्प फुटलेला. आकडा सांगत नाही, जागा तुम्ही ओळखली असेल.

११ मार्च

फोन आता १७,९९० ला मिळतोय. साडेपाच महिन्यांत बारा हजार. घसारा चाळीस टक्के, माझ्या शीटमध्ये ह्या वयाच्या लोखंडाला शून्य आहे. आईला सांगितलं नाही, तिनं पेपरात वाचलं.

हिशेब एकदाच मांडतो: फोन २९,९९०, सिम कापणं ५०, कव्हर ३५०, गार्ड २००, कार्ड १,३००, जादा बिल १,१६७, फुगलेली बॅटरी ४५०, खरी बॅटरी १,९५०. एकूण ३५,४५७. ह्यातले १,६१७ शुद्ध मूर्खपणाचे. पेट्रोल धरलेलं नाही.

१२ जुलै

पाऊस उशिरा आला आणि आला तो असा. काल कुंभार्ली घाटात स्पॉट सर्व्हे, ट्रक कडेच्या गटारात उतरलेला, पोफळीच्या बाजूला उतारावर. डिजिटल कॅमेरा जानेवारीतच भाच्याला देऊन टाकलाय, त्यामुळे सगळी मदार फोनवर.

अशी काच बोटातली वीज ओळखून चालते, आणि पाण्याचा थेंब पण तिला बोटच वाटतो. चार थेंब पडले की फोनला चार बोटं. कॅमेरा उघडला तर आपोआप फोटो निघायला लागले, झूम पुढं मागं, मध्येच व्हिडिओ सुरू. शर्टानं पुसायला गेलो तर शर्ट पण ओला. पंधरा मिनिटांत सदतीस फोटो निघाले, त्यात ट्रकचे दोन. ड्रायव्हर छत्री धरून उभा होता, छत्री माझ्यावर आणि तो भिजतोय, म्हणाला, "सायेब, ह्यो कॅमेरा पाण्याला भितोय जणू."

मग त्याच्या केबिनमध्ये बसलो. त्याच्याकडं चटणी बांधून आणलेली पारदर्शक पिशवी होती, अर्धा किलोची. झाडली, उलटी केली, फोन आत घातला, काचेवर ताणून मागं गाठ मारली. पातळ पिशवीतून बोट लागतं. पण वर थेंब पडले की परत तेच थोडंफार, म्हणून काचेला हातच लावायचा नाही असं ठरवलं: कॅमेरा आत बसून उघडायचा, बाहेर येऊन आवाज कमी-जास्त करायचं बाजूचं बटण दाबायचं, त्यानं पण फोटो निघतो. खरं बटण, दाबल्याचं कळणारं. दहा महिने बाजूला होतं आणि मी ते फक्त रिंग कमी करायला वापरत होतो.

चोवीस फोटो मिळाले. थोडे धुरकट, पण नंबर, चेसिसची पाटी, टायर घसरल्याची खूण, सगळं वाचता येतंय. चटणीचा वास अजून येतोय फोनला.

करून बघणाऱ्यांनी पिशवी रोज बदला, घडी पडली की फोटोत रेघ येते. आणि फ्लॅश बंद ठेवा, पिशवीवर चमकतो.

बॅग आज: फोन, जादा बॅटरी, कॅल्क्युलेटर, टेप, खडू, पेन्सिल, टॉर्च, पिशव्यांचं बंडल. जाधव आणि शिंदे दोघांनाही फोनात वेगळं नाव आहे आता.

२ जानेवारी २०२२

नोंदी बंद होऊन जमाना झाला. ह्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप २०१७ च्या अखेरीस बंद पडलं तेव्हाच तो ड्रॉवरमध्ये गेला होता. आता पेपरात आलंय की परवा चार तारखेपासून ब्लॅकबेरी ह्या जुन्या सिस्टिमच्या सेवा बंद करतेय, त्यानंतर कॉल, मेसेज, डेटा काही भरवशाचं राहणार नाही. म्हणलं आत काय राहिलंय ते काढून घेऊ.

१,९५० वाली बॅटरी डबीत लावली, तीन तासांनी धरली. पासवर्ड आठवेना. पण जीपचा फोटो वर आला, आकड्यांचा पसारा आला आणि अंगठा आपोआप आठाला धरून डाव्या हेडलॅम्पवर गेला. आता आकडा सांगायला हरकत नाही.

कार्डाला एन्क्रिप्शन नव्हतं, सरळ लॅपटॉपला लागलं, ६,२०० च्या आसपास फोटो. पण फोनच्या स्वतःच्या मेमरीत भाऊबीजेच्या आधीच्या त्या दहा दिवसांतले काही राहिले होते, ते केबलनंच काढावे लागले, आणि केबल शोधण्यात अर्धा दिवस गेला. कुणाच्या ड्रॉवरमध्ये असा फोन पडून असेल तर आधी मायक्रो यूएसबीची केबल शोधा, मग बॅटरी चार्ज करा.